आम्ही गेलोच नाही

मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडपेठेत गेलो होतो. कोल्हापूरच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. चपला दाराबाहेर, आत पांढऱ्या चादरीच्या गाद्या, गादीवर मांडी घालून बसलेल्या सात-आठ बायका आणि समोर उलगडत जाणाऱ्या साड्यांचा ढीग. मामीच्या पर्समधून मानपानाची यादी निघाली, तिच्यावर आधीच खाडाखोड झालेली. कोऱ्या कापडाचा खळीचा वास, पंख्याखाली फडफडणारे टिश्यू पेपर, दुसऱ्यांदा आलेला अर्धा कप चहा. पुरुषमंडळींचं अशा वेळी काही काम नसतं. पैसे द्यायची वेळ येईपर्यंत ती भिंतीला टेकून फोन बघतात. मामेभावानं त्यातच एक रील लावली आणि आवाज वाढवला. पंतप्रधान पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामधल्या कोल्हापूरच्या स्मारकाला फूल वाहतायत, मागे तुतारी, खाली मोठ्या अक्षरांत ‘जगानं दारं लावली, कोल्हापूरनं उघडली’. तो म्हणाला, “पाच हजार पोलिश लोक सांभाळले आपण. ह्याच जागेवर. आपण बसलोय ना, हितंच.”

शेठ साडीची घडी मोडत होते. सिंधी माणूस, पण बोली अस्सल आपली. म्हणाले, “होय की. आमचे आजोबा आले ते त्यांच्याच बराकीत राह्यले. त्यांचं स्मारक झालं, परदेशातनं मंत्री येऊन गेले. आमच्या म्हाताऱ्यांचं कुठं काय हाय?” मामा हसला, “तुम्हाला कशाला ओ स्मारक, तुम्ही तर अख्खी पेठच उठवली.” शेठही हसले. “तेच की. ते गेले. आम्ही गेलोच नाही.” आणि पुढची साडी उलगडली.

मामीला मोरपंखी रंग पसंत पडला.

मला मात्र त्या साड्यांत नंतर फारसं लक्ष घालता आलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी, आत्ताचं गांधीनगर आहे तिथंच, वळिवड्याची छावणी होती; तिची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेली. आजीचं माहेर रुकडीचं, म्हणजे वळिवड्यानंतरचं स्टेशन. तिच्या आठवणीत सायबेरिया नव्हता, हिटलर नव्हता, स्टॅलिन तर नव्हताच. तिच्या आठवणीत होतं ते एवढंच, की गोऱ्या बायका स्वतःचं धुणं स्वतः धुत होत्या. साहेबाच्या बायकोनं कपडे आपटलेले तिनं जन्मात पाहिले नव्हते. ती आणि तिच्या मैत्रिणी ते बघायला लांबून जायच्या. “गोऱ्या होत्या, पण साहेबाच्या नव्हत्या,” एवढं ती सांगायची आणि थांबायची. गोरा म्हणजे राज्य करणारा हे समीकरण तिच्या डोक्यात तिथं पहिल्यांदा मोडलं असावं.

आता रीलमधल्या गोष्टीबद्दल. ‘आपल्या राजांनी आसरा दिला’ हे वाक्य कोल्हापुरात कुणी म्हटलं की मान आपोआप डोलते. पण १९४३ साली गादीवर कोण होतं? छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्येच गेले होते. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले महाराज तेव्हा जेमतेम चालायला लागलेलं मूल होते, आणि कारभार चालत होता तो रीजन्सीचा, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीनं, इंग्रज सरकारच्या नजरेखाली. छावणी उभी राहिली ती हिंदुस्थान सरकार आणि लंडनमध्ये बसलेलं पोलंडचं परागंदा सरकार यांच्यातल्या व्यवहारातून. खर्च पोलंडच्या खात्यावर. जामनगरच्या राजांनी, जामसाहेबांनी, बालाचडीला पोलिश मुलांना आपण होऊन पंखाखाली घेतलं, ती गोष्ट वेगळी आणि खरी. आमच्या रीलमध्ये दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्यात. हे बोललं की माणसं हिरमुसतात. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं नव्हतं. आपल्या गावाची थोरवी कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीत सापडावी, हे पचायला जडच जातं.

पण म्हणून आजीनं पाहिलेलं खोटं होत नाही. वहीत फक्त मंजुरी होती. भाजी विकायला जाणारी, बांगड्या भरणारी, तोडक्यामोडक्या शब्दांत भाव करणारी माणसं वहीत नव्हती. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. मुलं पंचगंगेत डुंबायची. काही मुलींनी इथंच लग्नं केली आणि त्या कोल्हापूरच्या होऊन राहिल्या. राज्यकर्ते ज्याला व्यवहार म्हणतात आणि वाड्या-वस्तीवरची माणसं ज्याला शेजार म्हणतात, ते दोन्ही एकाच जागी एकाच वेळी चालू होतं. मला वाटतं, आंतरराष्ट्रीय राजकारणातल्या नीतीबद्दल बोलताना आपली गल्लत इथंच होते. शेजाऱ्यांचं पुण्य आपण सरकारच्या नावावर जमा करतो.

आणि सरकारचं बघायचं तर मग नीट बघायला लागतं.

वळिवड्याला आलेल्यांत बहुतेक बाया-मुलं होती. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीनं पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियानं १७ तारखेला पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडच्यांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला नेलं. पुढे हिटलर रशियावर उलटला, स्टॅलिन रातोरात इंग्रजांचा दोस्त झाला आणि १९४१ मध्ये या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय ते कुणी सांगितलं नव्हतं, माफी मात्र मिळाली. मग त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या जनरल आंदर्सच्या पोलिश सैन्यामागोमाग कास्पियन समुद्र ओलांडून इराण, आणि तिथून कुणी आफ्रिकेत, कुणी न्यूझीलंडला, कुणी मेक्सिकोला, कुणी आमच्या वळिवड्याला.

यातल्या कित्येक बायकांचे नवरे, भाऊ, बाप लष्करी अधिकारी होते आणि त्यांची पत्रं १९४० च्या वसंतापासून बंद झाली होती. १९४३ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी जाहीर केलं की रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत. पोलंडच्या लंडनमधल्या सरकारनं रेड क्रॉसकडून चौकशी मागितली. स्टॅलिननं उलट त्यांच्याशीच संबंध तोडले. खून स्टॅलिनच्याच हुकमानं झाले होते, मारलेल्यांचा सगळा आकडा बावीस हजारांच्या घरात जातो, आणि मॉस्कोनं ते कबूल केलं १९९० साली. पण लंडनला अंदाज तेव्हाच आला होता. पोलिश सरकारकडे नेमलेले ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली यांनी मे १९४३ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्याला एक अहवाल लिहिला. मारेकऱ्यांनी खड्ड्यांवर पाइनची रोपं लावली होती, कुणाला संशय येऊ नये म्हणून. ओमॅलींनी लिहिलं की हत्याकांड झाकायला मारेकऱ्यांनी जशी ती रोपं वापरली, तसं आपण नाइलाजानं इंग्लंडचं सुनाम वापरलं आहे. अहवाल राजापर्यंत गेला, चर्चिलनं तो रूझवेल्टलाही धाडला. आणि मग तो ठेवून दिला. रशियन सैन्याशिवाय हिटलर हरत नव्हता. ओमॅलींनाही ते मान्य होतं. गप्प बसणं भाग आहे हे त्यांनी नाकारलं नाही. फक्त आपण काय करतोय ते आपल्याला कळू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुत्सद्द्याच्या कागदात इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

त्याच पावसाळ्यात वळिवड्याची छावणी सुरू झाली. म्हणजे जे सरकार या बायकांना बराकी बांधून देत होतं, तेच त्यांच्या नवऱ्यांच्या खुनाबद्दल मूग गिळून बसलं होतं.

आणि त्याच पावसाळ्यात कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती. बंगालच्या दुष्काळात किती गेले याचे बहुतेक अंदाज वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. दिल्लीहून व्हाइसरॉय लिनलिथगो आणि नंतर वेव्हेल धान्यासाठी जहाजं मागत राहिले आणि लंडनचं युद्धमंत्रिमंडळ ती नाकारत तरी राहिलं किंवा मागितलं त्याहून फार थोडं देत राहिलं. पोलिश मुलांच्या ताटातलं काढून घेतलं असतं तर बंगाल वाचला असता, असला हिशेब मांडणं मूर्खपणाचं आहे आणि दुष्टपणाचंही. ती मुलं उपासमार सोसूनच आली होती. प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न असा, की एकाच सरकारला एकीकडे दया सुचते आणि दुसरीकडे सुचत नाही, ती कशाच्या जोरावर? पोलंड दोस्त राष्ट्र होतं. त्याचं सैन्य लढत होतं, त्याचं सरकार लंडनमध्ये टेबलावर बसत होतं, त्याचं खातं होतं. बंगालचा शेतमजूर फक्त प्रजा होता. पलीकडे साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं, पोलीस गावागावांत त्यांच्या माणसांना हुडकत होते. आपल्या देशात इंग्रजांना नको असलेली माणसं आणि हवी असलेली माणसं, यांत फार मैलांचंही अंतर नव्हतं.

या हिशेबाची दुसरी बाजू पोलिश लोकांनीही भोगली. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोचा मठ पोलिश सैन्यानं घेतला. वळिवड्याच्या किती घरांतली माणसं त्या टेकडीवर होती! त्याच इटलीत आपले मराठा पलटणीतले शिपाई लढत होते. माणगावकडचे यशवंत घाडगे त्याच जुलैत तिथं पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकजण परक्या राज्यासाठी आणि दुसरा हरवलेल्या राज्यासाठी. पण पोलंडचा नकाशा तोवर बदलून झाला होता. १९४३ च्या अखेरीस तेहरानमध्ये चर्चिलनं स्टॅलिनला काडेपेटीच्या तीन काड्या टेबलावर सरकवून दाखवल्या होत्या, पोलंड कसा पश्चिमेला ढकलता येईल ते. यालटाच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता देऊन लंडनच्या सरकारची काढून घेतली. वळिवड्यातल्या माणसांचं सरकार एका दिवसात नाहीसं झालं. बहुतेकांची घरं ज्या भागात होती तो भाग आता सोव्हिएत युनियनमध्ये होता. परत जायचं म्हटलं तरी कुठं? खातं बंद झाल्यावर दयेचा सूरही बदलतो. जबाबदारी आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेली आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी मन घट्ट करून त्या नव्या पोलंडमध्ये.

मग बराकीत शेठच्या आजोबांसारखे लोक आले. सिंधमधून घरदार टाकून आलेले.

आजीकडे यांच्याबद्दल कौतुकाची एकही आठवण नव्हती. “निर्वासित” म्हणायची, तेही जरा ओठ मुडपून. पोलिश बायकांचं धुणं बघायला जाणारी माझी आजी सिंध्यांच्या दुकानात मात्र “लई चालू असत्यात” असं म्हणतच पायरी चढायची आणि तिथूनच लुगडी घ्यायची. आमच्याकडं आजही घासाघीस करताना तोंडी येणारे शब्द फार सभ्य नसतात. पाहुणा जाणार आहे हे ठाऊक असलं की त्याचं सगळं गोड लागतं. राहिलेला माणूस जागा घेतो, दुकान टाकतो, निवडणुकीला उभा राहतो, आपल्याहून पुढं जातो.

२०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडनं व्हिसा न मागता आत घेतलं. तेव्हाही फोन वाजत होते, ‘कोल्हापूरचं ऋण फिटलं’. माझ्या मैत्रिणीचा भाचा त्यात होता, सीमेवर थंडीत ताटकळून आत आला आणि पोलिश बायकांनी दिलेलं गरम सूप प्यायला, हे तो अजून सांगतो. मला त्याबद्दल अपार बरं वाटतं. पण ती मुलं विमानात बसून घरी जाणार होती. युक्रेनी बायका-मुलं मात्र लाखोंनी राहिली, पोलिश माणसांनी त्यांना बैठकीच्या खोल्या मोकळ्या करून दिल्या, आणि काही महिन्यांनी तिथंही कुरकुर सुरू झाली. हे वाचलं आणि का कोण जाणे, मला पोलंड एकदम ओळखीचा वाटला.

त्याच पोलंडच्या दुसऱ्या सीमेची गोष्ट रीलमध्ये येत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये उस्नाश गुर्नी नावाच्या गावापाशी बत्तीस अफगाण माणसं अडकली. मागे बेलारूसचे सैनिक, पुढे पोलंडचे. बेलारूसचा सत्ताधीश लुकाशेंको या लोकांना मुद्दाम सीमेवर आणून सोडत होता, माणसांचा दगडासारखा वापर करत होता, हे खरंच आहे आणि पोलंडचा संताप समजण्यासारखा आहे. पण ज्याला दगड केलं त्याचा त्यात काय दोष? पुढच्या वर्षी १८६ किलोमीटरची, साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत झाली. २०२५ च्या मार्चमध्ये त्या सीमेवर आश्रय मागण्याचा हक्कच स्थगित करू देणारा कायदा आला. भिंतीलगतच्या गावांत काही लोक रात्री खिडकीत हिरवा दिवा लावत, इथं मदत मिळेल हे कळावं म्हणून. शेजार आणि सरकार, तिथंही दोन वेगळ्या वाटा.

यावर आपल्याकडच्या लोकांची प्रतिक्रिया ठरलेली. आपण त्यांना वाचवलं आणि ते बघा! मला या बोलण्याचा कंटाळा येतो. पहिली गोष्ट, आपण म्हणजे कोण, ते वर आलंच आहे. दुसरी गोष्ट, १९७१ साली पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी पैसे देणारे आपण, २०१७ पासून म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांबद्दल जे बोलतो ते ऐकल्यावर दुसऱ्याला कृतघ्न म्हणायला तोंड राहत नाही. तेव्हाचे निर्वासितही जाणार होते, युद्ध संपलं की. आणि त्यांच्यामागे आपलं एक युद्धही होतं. रोहिंग्यांमागे कुणाचं खातं नाही.

मामाला मी हे सगळं नंतर सांगितलं. तो म्हणाला, “मग सगळ्यांना घ्यायचं का? तूच सांग.” प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. नाही, सगळ्यांना घेता येत नाही. जमीन, पाणी, रोजगार यांना हद्द असते आणि ती हद्द पहिल्यांदा गरिबांनाच जाचते, आमच्यासारख्यांना नाही. पण कुणाला घ्यायचं ते ठरवणार कसं, हा प्रश्न त्यानं शिल्लक राहतोच. आजवर तो दोस्ती, रंग, धर्म आणि निवडणूक यांवर सुटत आलाय.

गांधीनगरच्या शेठच्या आजोबांना मात्र यातल्या कशाचीच विनवणी करावी लागली नाही. संविधानाच्या सहाव्या कलमानं १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून इथं येऊन राहिलेल्यांना, जे स्वतः किंवा ज्यांच्या आईबाप वा आजी-आजोबांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मले होते अशांना, नागरिक ठरवलं. ते पाहुणे नव्हतेच. हक्कदार होते. कदाचित म्हणूनच त्यांचं स्मारक झालं नाही. उपकाराला पुष्पचक्र वाहता येतं, हक्काला काय वाहणार? शेठचं वाक्य मला दुकानात तक्रारीसारखं ऐकू आलं होतं. आता वाटतं, त्यात थोडा रुबाबही होता.

निर्वासितांसाठीच्या १९५१ च्या करारावर भारतानं सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. तिबेटी आले, श्रीलंकेचे तमिळ आले, ज्या त्या वेळी सरकारला वाटलं तसं वागवलं गेलं, पुष्कळदा चांगलंही. याचाच दाखला देऊन आपले मुत्सद्दी सांगतात की सही न करताही आम्ही उदार आहोत. पोलंडनं १९९१ मध्ये सही केली आणि हक्क स्थगित केला. मग सहीचा उपयोग काय, असं मामाही म्हणाला. उपयोग हा, की त्या बत्तीस अफगाणांसाठी ऑगस्ट २०२१ मध्येच युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं पोलंडला हुकूम काढला: अन्न, पाणी, कपडे, औषधोपचार आणि शक्य असेल तर तात्पुरता निवारा द्या. पोलंडनं तो पाळला नाही. पण प्रकरण मोठ्या पीठापुढे गेलं आणि २०२५ मध्ये सरकारच्या वकिलांना तिथं उभं राहून, कोणत्या आधारावर पाळला नाही, हे सांगावं लागलं. त्याच २०२१ च्या एप्रिलमध्ये जम्मूत अडकवून ठेवलेल्या रोहिंग्यांसाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज होता. न्यायालयानं सांगितलं, देशात राहण्याचा हक्क नागरिकांचा आहे. ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय यांना परत पाठवू नका, एवढंच. न पाळलेला हुकूम आणि काटेकोर पाळायची कार्यपद्धती, यांतलं एक निवडायचं झालं तर मी तो हुकूम निवडीन. निदान त्याचा जाब विचारता येतो. १९४५ च्या जुलैत वळिवड्याच्या बायकांना त्यांचं सरकार कुठं गेलं हे विचारायचं असतं, तर अर्ज द्यायला एकही खिडकी उघडी नव्हती.